सात 'सतत' आणि लाल पेन्सिल

अर्धविराम | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, अनुवादात अडकलेय, मदत करा.

एका इंग्रजी आठवणीवजा लेखाचं मराठी करतेय. लेखिका इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेऊन एक हिवाळा राहिली, त्याची हकिगत. काल संपादकांकडून पहिली बारा पानं परत आली. पान चारवर लाल पेन्सिलीचे सात गोल आणि सातही एकाच शब्दाभोवती: सतत. शेजारी समासात लिहिलंय, "बाई, शब्दकोशाचं पान चिकटलं का?"

लाजच वाटली. कारण मूळात सात जागी सात वेगळी विशेषणं आहेत. पाऊस इन्सेसंट आहे. घरमालकिणीचा खोकला कंटिन्युअल आहे. घरात कोबी उकडल्याचा वास परपेच्युअल आहे. रात्रीचं जेवण इंटरमिनेबल आहे. बाईंचा उत्साह रिलेंटलेस, त्यांचा कुत्रा कॉन्स्टंट, आणि गळक्या छपराबद्दल शेजाऱ्याची तक्रार पेरेनियल. मी सगळ्यांना एकाच सुईने टोचलं.

आता बसून अविरत, अखंड, निरंतर, अव्याहत, अविश्रांत अशी यादी काढली, पण "अव्याहत खोकला" लिहिलं तर बाईंचा सत्कार करतोय असं वाटतं. तुम्ही काय कराल?

तिरकस | सोमवार, रात्री १०.५२

"अविरत कोबी" वाचायला आवडेल. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

फळा_खडू | सोमवार, रात्री ११.१५

कंटिन्युअल आणि कंटिन्युअस यांच्यापासून सुरुवात करू, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. (तीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी आणि गणित शिकवलं, त्यामुळे जरा लांबेल.)

कंटिन्युअस म्हणजे मधे फटच नाही. कंटिन्युअल म्हणजे परत परत, थांबून थांबून, पण पिच्छा न सोडता. नळाची धार कंटिन्युअस, गळक्या नळाची टपटप कंटिन्युअल. मुलांना मी स्पेलिंगवरून लक्षात ठेवायला सांगायचो: कंटिन्युअसच्या शेवटी ओ, यू, एस येतात, म्हणजे 'वन अनइंटरप्टेड सीक्वेन्स'. आणि जागेबद्दल बोलताना फक्त कंटिन्युअसच चालतो. भिंत कंटिन्युअस असते, कंटिन्युअल भिंत कोणी बांधत नाही.

आता गंमत. हा भेद काही जन्मापासूनचा नाही. कंटिन्युअल हा इंग्रजीत चौदाव्या शतकापासूनचा शब्द, कंटिन्युअस सतराव्या शतकात आला. दोघांच्या वाटण्या व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी पुढे करून दिल्या. म्हणून आजही चांगले इंग्रज लेखक कंटिन्युअल दोन्ही अर्थांनी वापरताना दिसतात. परीक्षेत मात्र मार्क जातात.

तेव्हा तुमच्या बाईंचा खोकला कंटिन्युअल आहे, म्हणजे बाई मधे मधे श्वास घेतायत, चहा पितायत, बोलतायत, आणि पुन्हा खोकतायत. मराठीत यासाठी फार चोख शब्द आहे: वरचेवर. तो सोडून "सतत" का म्हणावं?

अर्धविराम | सोमवार, रात्री ११.२१

सर, वरचेवर! डोक्यातच आला नाही. पण "वरचेवर खोकत" म्हटलं तर आठवड्यातून दोनदा असंही वाटू शकतं ना? "आम्ही वरचेवर भेटतो" म्हणतो तसं.

फळा_खडू | सोमवार, रात्री ११.३४

बरोबर. मग क्रियापदाकडे जा. आपण शाळेत रीतिवर्तमानकाळ शिकलो आणि विसरलो. "बाई खोकत आहेत" हा चालू काळ, आत्ता खोकतायत. "बाई खोकत असतात" हा रीतिकाळ, म्हणजे केव्हाही जा, तेच. इंग्रजीला विशेषण बदलावं लागतं तिथे आपण "आहेत"चं "असतात" करतो आणि काम होतं. भूतकाळात "खोकत असायच्या".

इंग्रजीही कधी कधी हे क्रियापदात करते, बरं का. चालू काळात 'ऑलवेज' घातलं की वाक्याला तक्रारीचा वास येतो. 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज' म्हणणारी बायको किल्ल्यांची आकडेवारी देत नसते.

काढा_घ्या | मंगळवार, सकाळी ७.०५

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी दोन ओळी टाकतो म्हणून बसलो, पण सरांच्या कंटिन्युअस-कंटिन्युअलने माझी दुखरी नस दाबली आहे.

मी वैद्य. चरकसंहितेच्या ज्वरप्रकरणात विषमज्वराचे पाच प्रकार आहेत: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक. संतत ज्वर म्हणजे सात, दहा किंवा बारा दिवस अंगातून न उतरणारा. सतत ज्वर म्हणजे दिवसरात्रीतून दोन वेळा येणारा. अन्येद्युष्क दिवसातून एकदा, तृतीयक एक दिवसाआड, चतुर्थक दोन दिवस सोडून.

म्हणजे संतत हा झाला कंटिन्युअस आणि सतत हा कंटिन्युअल! इतका नेमका फरक, तोही एका अनुस्वाराचा. रोजच्या मराठीत आपण दोन्ही एकत्र कालवले, आणि संतत बिचारा 'संततधार' या एका शब्दात तेवढा उरला.

ॲलोपॅथीवाले पण तापाचे तक्ते असेच वाचतात. ताप नॉर्मलला येत नाही आणि दिवसभरातला चढउतार एका अंश सेल्सिअसच्या आत असेल तर कंटिन्युअस. त्याहून जास्त खालीवर होतो पण नॉर्मलला टेकत नाही, तो रेमिटंट. मधले काही तास साफ उतरून पुन्हा येतो, तो इंटरमिटंट. मलेरियाची थंडी वाजून येते ती तऱ्हा हीच.

म्हणून पेशंटने "सतत ताप आहे डॉक्टर" म्हटलं की मी विचारतो, मधे उतरतो का? घाम येऊन अंग गार पडतं का? नातेवाईक वैतागतात. "सतत म्हणजे सतत हो!" पण निदान त्या एका उत्तरावर फिरतं.

(क्रॉनिकवरही लिहायचं होतं. ग्रीक ख्रोनोस म्हणजे काळ. क्रॉनिक म्हणजे जुनाट, तीव्र नव्हे. "क्रॉनिक डोकेदुखी" म्हणताना लोकांना भयंकर डोकेदुखी म्हणायचं असतं. गेलो, रांग लागली.)

मंगलाष्टक | मंगळवार, सकाळी ९.४८

वैद्यबुवा, दंडवत. तुमच्या प्रतिसादाला एक शेपूट जोडते, विषय माझ्या आवडीचा.

संतत = सम् + तन् + त. तन् म्हणजे ताणणे, पसरवणे. तंतू, ताण, वितान सगळी त्याच घरची. कंटिन्युअसच्या पोटात लॅटिन 'कॉन' म्हणजे एकत्र आणि 'तेनेरे' म्हणजे धरणे आहे. हा तेनेरे आणि आपला तन् मुळात एकाच धातूचे. म्हणजे दोन भाषांनी हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता, एकाच दोऱ्याने तोच शब्द विणला! आणि संतती, संतान हे शब्दही तिथलेच. घराण्याचा धागा तुटू नये म्हणून होते ती संतती.

असाच दुसरा जोड: इटर्नलच्या मुळाशी लॅटिन 'ऐवुम्' आहे, त्याचा चुलतभाऊ म्हणजे संस्कृत आयु. आपलं आयुष्य आणि त्यांचं अनंतत्व एकाच मुळाचं. यावर जास्त विचार केला तर आज स्वयंपाक होणार नाही.

अर्धविराम, एक सुचवू? या शब्दांत काय *नाही* म्हटलंय ते बघ. निरंतरमध्ये अंतर नाही. अखंडमध्ये खंड नाही. अविरतमध्ये विराम नाही. अव्याहतमध्ये आडकाठी नाही. अविश्रांतमध्ये विश्रांती नाही. अक्षयमध्ये झीज नाही. इंग्रजीतही तेच. इन्सेसंटमध्ये सेस, म्हणजे थांबणं नाही, तो आपला सख्खा अविरत. इंटरमिनेबलमध्ये टर्मिनस नाही.

तिरकस | मंगळवार, सकाळी १०.०२

टर्मिनस नाही? मग लोकल कुठे रिकामी होणार?

मंगलाष्टक | मंगळवार, सकाळी १०.११

हसण्यावारी नेऊ नकोस, तोच टर्मिनस आहे. टर्मिनस हा रोमन लोकांचा शिवेचा देव. शेताच्या बांधावरचा दगड म्हणजे तो. २३ फेब्रुवारीला दोन्हीकडचे शेजारी त्या दगडावर आपापल्या बाजूने हार चढवायचे. १८८७ साली मुंबईत टर्मिनस बांधलं तेव्हा त्या देवाचंच नाव इंजिनांच्या वाटेत उभं केलं. तर इंटरमिनेबल जेवण म्हणजे ज्याला शिवेचा दगडच दिसत नाही असं जेवण. ताटावर बसलेल्याला पैलतीर दिसत नाही. हा शब्द तक्रारीचाच. आवडीच्या गोष्टीला कोणी इंटरमिनेबल म्हणत नाही.

सावंतवाडी_स्टँड | मंगळवार, दुपारी १.३०

आमच्याकडे अशा जेवणाला आणि भाषणाला "मारुतीचं शेपूट" म्हणतात. विशेषण नकोच.

पावसाबद्दल मात्र आम्हा कोकणातल्यांना बोलायचा हक्क आहे. पेपरवाले इन्सेसंट रेन्सचं "मुसळधार" करतात, आणि मुसळधारचं इंग्रजीत पुन्हा इन्सेसंट. मुसळधार हे पावसाचं *माप* आहे, संततधार हा त्याचा *वेळ*. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो मुसळधार, ढगफुटीच म्हणा. आमच्याकडे श्रावणात आठ आठ दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी येते, पोळपाट ओला तो ओलाच, आणि पाऊस बघाल तर चाळणीतून पीठ चाळल्यासारखा. ती संततधार. त्यात कोणी वाहून जात नाही, फक्त माणूस आतून कुजतो.

इंग्लंडचा पाऊस असाच असतो असं ऐकून आहे. तुमच्या लेखात गटारं तुंबतायत की मोजे वाळत नाहीयेत, ते बघा आणि ठरवा.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी २.०५

मोजे! खरंच मोजे आहेत. शेगडीसमोर दोरीवर. "संततधार" पक्का.

जर्सीतला_गण्या | मंगळवार, दुपारी ४.२०

इकडे आत्ता पहाट आहे, झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

पेरेनियलने मला साठ डॉलरला बुडवलंय. न्यू जर्सीत घर घेतलं त्या पहिल्या उन्हाळ्यात नर्सरीत गेलो. कुंड्यांवर दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या: ॲन्युअल आणि पेरेनियल. शाळेच्या भूगोलात हिमालयातल्या नद्या पेरेनियल, म्हणजे बारमाही, हे पाठ होतं. म्हटलं, बारमाही फुलं मिळतायत तर वर्षभराची कशाला घ्या. होस्टाची सहा रोपं आणली. नोव्हेंबरमध्ये सगळी पिवळी पडून जमिनीवर लोळली. बायको म्हणाली, फसवलं तुला. आम्ही उपटून फेकून दिली. एप्रिलमध्ये शेजाऱ्याकडची तीच रोपं मातीतून शिंगं काढून वर आली, आमच्या वाफ्यात खड्डे.

तर पेरेनियल म्हणजे लॅटिनमध्ये 'वर्षभर', आणि नदीच्या बाबतीत तोच अर्थ. पण बागेत त्याचा अर्थ दोनपेक्षा जास्त वर्षं जगणारं, मग मधे चार महिने मेल्याचं सोंग घेतलं तरी चालतं. माणसाच्या तक्रारीला लावतात तेव्हा हा बागेतला अर्थ असतो. शेजाऱ्याची छपराची तक्रार दर पावसाळ्यात उगवते, उन्हाळ्यात दिसत नाही, पण मूळ जिवंत. "दरसालचं रडगाणं" म्हणा.

अवांतर: अनरेमिटिंगचा विषय निघाला नाही. रेमिट म्हणजे परत पाठवणे आणि सैल सोडणे, दोन्ही. मी दर महिन्याला रेमिट करतो, पण काकांच्या अपेक्षा अनरेमिटिंग.

पहाटेचा_पहारा | मंगळवार, रात्री ९.१५

वाचनमात्र असतो. आज लिहावंसं वाटलं.

आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारे लावलेले असतात, प्रत्येकाला दोन तास. वीणा गळ्यात, उभं राहायचं, मुखाने नाम. मी अकरावीत होतो तेव्हा पहिल्यांदा माझं नाव लागलं, रात्री दोन ते चार. आधीचे वीणेकरी म्हणजे गावातले सुतारकाका. त्यांनी वीणा गळ्यातून काढली, माझ्या गळ्यात घातली आणि माझ्या पाया पडले. मी पण पडलो. एवढा मोठा माणूस आपल्या पाया पडला म्हणून मी पार गोंधळलो, नंतर कळलं की तसंच करायचं असतं. अदलाबदलीत तार एकदाही गप्प झाली नाही, काकांचं बोट निघायच्या आधी माझं बोट बसलं होतं.

तीन वाजता मंडपात माझ्याशिवाय दोनच माणसं, एक पेंगणारा टाळकरी आणि समईत तेल घालणारी आजी. मला उभ्या उभ्या डुलकी लागली. वीणा खाली जाणार एवढ्यात आजीने खाकरलं.

सांगायचं हे की गावाच्या दृष्टीने नाम कंटिन्युअस होतं, अखंड. आम्ही प्रत्येक जण मात्र तुकडा होतो. दोन तास, मग घरी झोप. ती समईसुद्धा. ज्योत अखंड, पण तेल दर तासाला.

काढा_घ्या | मंगळवार, रात्री ९.४०

वाचनमात्र राहू नका हो. लिहीत जा.

कोर्टकचेरी | मंगळवार, रात्री १०.१०

वरच्या तेलावरून परपेच्युअल आठवला. तो आमच्या धंद्यातला शब्द. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३, कलम ३७: मनाई हुकूम दोन प्रकारचे, टेम्पररी आणि परपेच्युअल. मराठी दाव्यात आम्ही "निरंतर मनाई हुकूम" लिहितो. हा फक्त दाव्याची सुनावणी होऊन गुणदोषांवर झालेल्या हुकूमनाम्यानेच मिळतो. पक्षकाराला निरंतर म्हटलं की तो विचारतो, "म्हंजे किती वर्षं साहेब?" कंपनी कायद्यात कंपनीला परपेच्युअल सक्सेशन असतं. संचालक मेले, भागधारक बदलले, तरी कंपनी तीच. वरच्या वीणेसारखंच.

पण कागदावरचं परपेच्युअल आणि प्रत्यक्षातलं यात अंतर फार. ब्रिटिश सरकारने अठराव्या शतकापासून मुदत नसलेले कर्जरोखे काढले होते, व्याज पिढ्यान्‌पिढ्या चालू. २०१५ साली सरकारने शेवटचे रोखे पैसे देऊन बंद केले. संपलं परपेच्युअल.

किल्लीवालं_घड्याळ | मंगळवार, रात्री १०.४४

घड्याळांतही तीच कथा. रोलेक्सने १९३१ मध्ये परपेच्युअल रोटर आणला, मनगट हललं की आपोआप किल्ली बसते. काढून दोन-तीन दिवस कपाटात ठेवा, थांबतं. आणि परपेच्युअल कॅलेंडर नावाची महागडी घड्याळं लीप वर्षासकट तारीख बरोबर दाखवतात, पण साधारणपणे २८ फेब्रुवारी २१०० पर्यंतच. २१०० ला चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही, आणि आतल्या दातऱ्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं. १ मार्चला हाताने तारीख पुढे करावी लागेल. माझ्या नातवाला चिठ्ठी लिहून ठेवावी म्हणतो.

चाळीसगाव_जंक्शन | मंगळवार, रात्री ११.३०

परपेच्युअल म्हटलं की आमचं गाव यायलाच पाहिजे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या घराण्याचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत एक चाक सांगितलंय. आरे पोकळ, त्यात पारा अर्धा भरायचा, तोंडं बंद करायची. पारा एकीकडून दुसरीकडे पळतो आणि चाक आपोआप फिरत राहतं. नाव किती सुंदर: स्वयंवह यंत्र. परपेच्युअल मोशनला याच्याइतका चांगला मराठी शब्द नाही.

अभिमानी_मराठा | बुधवार, सकाळी ८.००

म्हणजे आपल्याकडे हे आधीच होतं! युरोपात तेव्हा अंधार होता.

चाळीसगाव_जंक्शन | बुधवार, सकाळी ८.२२

होतं दादा. पण फिरत नव्हतं. युरोपातही तेराव्या शतकात तसलीच चाकं काढली, हातोड्या लटकवलेली. तीही फिरली नाहीत. पारा जेवढा खाली येताना देतो तेवढाच वर जाताना मागतो, वरून घर्षण खातंच. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात एरवी चालतं मॉडेल मागत नाहीत, या एका यंत्राला मागतात. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा कलम ३ मध्ये बाहेर काढलाय. शब्द मात्र आपला भारी, तो घ्या.

फळा_खडू | बुधवार, सकाळी ८.४०

गणितात एकच गोष्ट खरी न थांबणारी. नववीच्या पुस्तकात दशांश तीन तऱ्हेचे: खंडित, अखंड आवर्ती, अखंड अनावर्ती. १/७ भागत बसा, १४२८५७ चे सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतील, जन्मभर. पाय (π) पण अखंड, पण आवर्ती नाही. २२/७ ला पाय समजणारी मुलं आवर्तीला अनावर्ती समजतात. परीक्षेत मार्क... असो.

मंगलाष्टक | बुधवार, दुपारी १२.१५

रिलेंटलेस राहिला की. रिलेंटचा जुना अर्थ विरघळणे, मऊ पडणे. मागे लॅटिन 'लेंतुस', म्हणजे लवचीक, लिबलिबीत. मन विरघळत नाही तो रिलेंटलेस. "न थांबणारा" हा अर्थ मागाहून आला, आधीचा अर्थ निर्दय. आणि आपण काय म्हणतो? "त्याला पाझर फुटत नाही." त्यांचं मन मेणासारखं विरघळतं, आपलं दगडासारखं पाझरतं.

तेव्हा त्या बाईंचा उत्साह नुसता सततचा नाही, तो पाहुणीची दया न करणारा आहे. सकाळी सहाला पडदे ओढून गुड मॉर्निंग म्हणणारा.

अर्धविराम | बुधवार, दुपारी १२.३१

मंगलाताई, तुम्ही तो लेख वाचलाय का? पडदेच ओढतात त्या. सहा वाजून पाच मिनिटांनी.

आता मला दिसायला लागलंय. मी इतके दिवस हे शब्द "किती वेळ" म्हणून लावत होते, लांबीच्या पट्टीने. पण पावसाला, वासाला, जेवणाला लेखिकेचा तो एकच हिवाळा मिळालाय. फरक वेळात नाही. कोण सोसतंय आणि कसं सोसतंय त्यात आहे. पाऊस तिला कुजवतो, जेवण कोंडून ठेवतं, बाईंचा उत्साह अंगावर येतो, आणि कुत्र्याचं तिला बरं वाटतं. कॉन्स्टंटमध्ये स्थिर उभं राहणं आहे, ती निष्ठा आहे.

सावंतवाडी_स्टँड | बुधवार, दुपारी १२.५०

कुत्र्याला "पाठचा" म्हणा. "तिच्या पाठचा कुत्रा." आमच्याकडे म्हणतात.

आजीचा_बटवा | बुधवार, दुपारी ३.१०

इतके हुशार लोक आणि कोणी साधं बोलणं काढलं नाही. आपण न थांबणाऱ्या गोष्टीला विशेषण लावतच नाही, क्रियापदच दोनदा बोलतो. *संपता संपेना. थांबता थांबेना. हटता हटेना. सरता सरेना.* पहिल्यात ती गोष्ट प्रयत्न करते आणि दुसऱ्यात नाही म्हणते. माझी आई पाहुण्यांबद्दल म्हणायची, "जाता जाईनात." त्यात त्यांचं बसणं पण आलं आणि आमचं बघणं पण.

आणि आवाजाला तर शब्दच हवेत किती. पाऊस रिपरिप, पोर पिरपिर, सासू किरकिर, डास भुणभुण. यातला एकही आवाज एकदा होऊन थांबत नाही, म्हणून तर शब्द दोनदा.

काढा_घ्या | बुधवार, दुपारी ३.२५

आजी, सासूला का ओढलंत?

आजीचा_बटवा | बुधवार, दुपारी ३.२८

मी पण सासूच आहे. अनुभवाने बोलते.

अर्धविराम | शनिवार, रात्री ९.३०

पान चार पुन्हा लिहून पाठवलं. सगळ्यांचे आभार मानायचे आहेत म्हणून धागा वर काढतेय. झालं ते असं:

पावसाची संततधार लागली होती, शेगडीपुढचे मोजे वाळता वाळेनात. घरमालकीण उठता-बसता खोकत असायच्या. कोबीचा वास घराच्या भिंतींत मुरला होता (इथे "कायमचा" घातला आणि खोडला, मुरला म्हटल्यावर तो जातो कुठे). जेवण संपता संपेना. बाईंच्या उत्साहाला पाझर नव्हता. छपराचं रडगाणं दरसालचं. आणि कुत्रा तिच्या पाठचा.

आज उत्तर आलं. "सतत" एकही नाही, म्हणून समासात लाल पेन्सिलीने एक टिकमार्क. त्याच्या खाली "वाळता वाळेनात", "संपता संपेना" आणि पुढच्या परिच्छेदातलं "उजाडता उजाडेना" यांच्याभोवती तीन नवीन गोल.

तिरकस | शनिवार, रात्री ९.३४

संपादकांना पाझर फुटता फुटेना.